पाण्याच्या वर्तनावरून खंडाचे विभाग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाण्याच्या वर्तनावरून विभाग पाडणे म्हणजे नेमके काय?

एखाद्या ठिकाणी पाऊस किंवा बर्फ पडल्यानंतर त्या पाण्याचे पुढे काय होते, यावरून भूभागांची गटवारी करण्याचे हे काम आहे. पडलेल्या पाण्यापैकी किती हवेत परत जाते, किती जमिनीत मुरते, किती लगेच ओढ्यात उतरते, मुरलेले पाणी किती दिवसांनी किंवा वर्षांनी पुन्हा वर येते, नदी कोणत्या महिन्यात फुगते आणि कोणत्या महिन्यात तिचे पात्र उघडे पडते, या गोष्टी जेथे जवळपास सारख्या घडतात ते भूभाग एका विभागात येतात. मग ते एकमेकांना लागून असोत वा हजार किलोमीटर दूर असोत. देशांच्या आणि प्रांतांच्या सीमा येथे विचारात घेतल्या जात नाहीत. वाचकाला थोडे अनपेक्षित वाटेल ते असे, की नदीच्या खोऱ्यालाही या नकाशात आपोआप स्थान मिळत नाही.

नद्यांच्या खोऱ्यांचे नकाशे तर आधीपासून आहेत. मग हा वेगळा नकाशा कशासाठी?

खोऱ्याच्या नकाशावरून पाणी शेवटी कोठे जाते ते कळते. ते केव्हा, किती आणि कोणत्या वाटेने जाते, हे त्यावरून कळत नाही. नाईलचे उदाहरण घ्यावे. तिचे खोरे एकच आहे, परंतु त्यात पाण्याच्या निदान तीन अगदी वेगळ्या तऱ्हा नांदतात. विषुववृत्तीय सरोवरांतून निघणारी श्वेत नाईल वर्षभर बऱ्यापैकी सारखी वाहते, कारण सरोवरे पावसाचे चढउतार पोटात घेतात; पुढे दक्षिण सुदानमधील सुद्द या विस्तीर्ण दलदलीत तिचे जवळजवळ निम्मे पाणी हवेत उडून जाते. इथिओपियाच्या उंच पठारावरून येणारी नील नाईल मात्र काही महिन्यांच्या उन्हाळी पावसात प्रचंड फुगते आणि उरलेले वर्ष रोडावलेली असते. इजिप्तमधील आस्वानला पोचणाऱ्या पाण्यापैकी चार पंचमांशांहून अधिक पाणी याच पठारावरचे असते. अत्बारा नदी मिळाल्यानंतर तर समुद्रापर्यंत दोन हजार किलोमीटरांहून अधिक अंतरात एकही बारमाही उपनदी नाईलला मिळत नाही. तेथे ती केवळ वाळवंटातून जाणारी वाट असते. हे सारे खोरे एका रंगात रंगवले, तर तो रंग पाहून सुद्दमधील बाष्पीभवनाचा किंवा इथिओपियातील पुराचा कसलाच अंदाज बांधता येणार नाही.

याच्या उलट बाजूचे उदाहरण ऑस्ट्रेलियात सापडते. त्या खंडाचा नैर्ऋत्य कोपरा आणि ॲडिलेडच्या आसपासच्या टेकड्या यांच्यामध्ये नलार्बरचे मैदान पसरलेले आहे. दोन्हीकडे पाऊस हिवाळ्यात पडतो, नद्या हिवाळ्यात वाहतात आणि उन्हाळ्यात आटतात. मधल्या नलार्बरवर मात्र चुनखडीचा थर असल्यामुळे पृष्ठभागावर नद्या जवळपास नाहीतच. अशा वेळी दोन टोके एका विभागात आणि मधला प्रदेश दुसऱ्या विभागात घालणे, हेच वस्तुस्थितीला धरून होते.

याचा अर्थ खोऱ्यांचे नकाशे निरुपयोगी आहेत असा घ्यावा का?

मुळीच नाही. हिशेब मांडण्यासाठी खोऱ्याइतके सोयीचे एकक दुसरे नाही, कारण खोऱ्यात पडलेल्या पाण्याचा जमाखर्च एका तोंडापाशी मोजता येतो. अमेरिकेत १८६९ मध्ये कोलोराडो नदीतून प्रवास केलेल्या जॉन वेस्ली पॉवेल यांनी पुढे भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे संचालक असताना देशाच्या कोरड्या पश्चिम भागाचा खोरेवार नकाशा १८९० च्या सुमारास तयार करवून घेतला, आणि तेथील कारभाराची एकके जलनिस्सारणावर आधारलेली असावीत असा आग्रह धरला. राजकारणाने तो मानला नाही. त्याच १८९० साली चारही बाजूंनी सरळ रेषांची वायोमिंग ही राज्यचौकट संघराज्यात दाखल झाली, आणि त्या रेषा आजही अनेक नद्यांना आडव्या कापून जातात.

खोऱ्यांना क्रमांक देण्याच्या पद्धतींपैकी ब्राझीलचे अभियंते ओटो फाफश्टेटर यांनी १९८९ मध्ये मांडलेली पद्धत विशेष चतुर आहे. मुख्य नदीच्या मुखापासून वर जाताना चार सर्वांत मोठ्या उपनद्यांच्या खोऱ्यांना २, ४, ६, ८ हे सम अंक द्यायचे, त्यांच्या मधल्या पट्ट्यांना १, ३, ५, ७, ९ हे विषम अंक द्यायचे, आणि मग प्रत्येक तुकड्यात हीच कृती पुन्हा करायची. परिणामी केवळ अंक वाचून कोणता तुकडा कोणाच्या वरच्या अंगाला आहे हे सांगता येते. संपूर्ण जगासाठी उपलब्ध असलेल्या हायड्रोबेसिन्स या संचात याच पद्धतीने बारा पातळ्यांपर्यंत उपविभाग पाडलेले आहेत. वर्तनाचा नकाशा काढणाऱ्याला सुरुवात बहुधा अशाच तुकड्यांपासून करावी लागते. म्हणजे खोरे हे विटेच्या जागी येते. भिंत कोणती उभारायची ते वेगळ्या निकषांवर ठरते.

खोऱ्याची सीमा तरी निर्विवाद असते ना?

डोंगराळ भागात बहुतेक वेळा असते. वायोमिंगमधील टू ओशन क्रीक हा ओढा खंडाच्या जलविभाजकावरच दुभंगतो आणि त्याचे एक पाणी अटलांटिककडे, तर दुसरे प्रशांत महासागराकडे जाते. पण असे प्रकार विरळ आहेत. सपाट मैदानात, चुनखडीत आणि खोल भूजलाच्या प्रदेशात मात्र ही रेषा फार लवकर धूसर होते, आणि हा मुद्दा जरा सविस्तर सांगण्यासारखा आहे.

दक्षिण अमेरिकेत ओरिनोको नदीचे काही पाणी कासिक्यारे नावाच्या नैसर्गिक फाट्याने फुटून रिओ नेग्रोत आणि तेथून ॲमेझॉनमध्ये जाते. अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांनी १८०० साली या जलमार्गाने प्रवास करून त्याची नोंद केली. तेव्हा ओरिनोकोच्या वरच्या भागातील पाऊस कोणत्या खोऱ्याचा, या प्रश्नाला एकच उत्तर नाही.

युरोपात डॅन्यूब नदीचे पाणी जर्मनीतील इमेंडिंगेनजवळ पात्रातल्या भेगांतून खाली जाते. १८७७ मध्ये त्यात मीठ आणि रंगद्रव्य टाकून पाहिले, तेव्हा सुमारे अडीच दिवसांनी ते बारा किलोमीटरांवरच्या आखटोप्फ या झऱ्यातून बाहेर पडले. त्या झऱ्याचे पाणी ऱ्हाईनला मिळते. नकाशावर काळ्या समुद्राचे म्हणून दाखवलेले हे पाणी प्रत्यक्षात उत्तर समुद्रात पोचते, आणि कोरड्या काळात त्या ठिकाणी डॅन्यूबचे पात्र पूर्ण रिकामे पडते.

कॅनडाच्या प्रेअरी मैदानात हिमयुगाने मागे ठेवलेले असंख्य उथळ खळगे आहेत. साधारण वर्षी वितळलेला बर्फ या खळग्यांत साचतो आणि तेथेच संपतो. खळगे काठोकाठ भरले तरच पाणी एकातून दुसऱ्यात सांडत अखेर ओढ्याला मिळते. त्यामुळे तेथे नकाशावरचे खोरे आणि पाणी खरोखर पुरवणारे खोरे, अशी दोन क्षेत्रफळे वेगवेगळी मोजावी लागतात, आणि त्यातले दुसरे दरवर्षी बदलते.

ऑस्ट्रेलियातील ग्रेट आर्टेशियन खोरे हे भूजलाचे खोरे तर पूर्णपणे जमिनीखाली आहे. सुमारे १७ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे खंडाच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक भागाखाली ते पसरले आहे, आणि वर वाहणाऱ्या नद्यांच्या जलविभाजकांशी त्याच्या कडांचा मेळ बसत नाही. वरचे पाणी एका दिशेला आणि खालचे दुसऱ्या दिशेला जात असेल, तर दोन स्वतंत्र नकाशे ठेवणे हाच प्रामाणिक मार्ग होय.

पाण्याचे वर्तन कशावर ठरते?

हवामान, उंचसखलपणा आणि जमिनीची जडणघडण या तीन गोष्टींवर. वनस्पती आणि माणसाची कामे यांचाही वाटा मोठा असतो, पण पहिला आराखडा या तिघांतून उभा राहतो.

हवामानाचा भाग एका साध्या तुलनेत मावतो. पडणारे पाणी जास्त आहे, की ते उडवून नेण्याची हवेची क्षमता जास्त आहे? सोव्हिएत हवामानशास्त्रज्ञ मिखाईल बुदिको यांनी या दोहोंच्या गुणोत्तराचा नद्यांच्या वार्षिक पाण्याशी संबंध जोडून दाखवला. जेथे हवेची तहान पावसापेक्षा खूप मोठी, तेथे जवळजवळ सगळा पाऊस बाष्परूपाने परत जातो आणि नदीच्या वाट्याला थोडेच उरते. जेथे पाऊस भरपूर आणि ऊन कमी, तेथे नदीला मोठा वाटा मिळतो. वार्षिक सरासरीपुरता हा नियम आश्चर्य वाटावे इतका खरा ठरतो.

मात्र वर्षाच्या आतली गोष्ट निराळी असते, आणि तेथे जमीन बोलू लागते. अमेरिकेच्या ओरेगॉनमध्ये कॅस्केड पर्वतरांगेचा पूर्वेकडचा उंच भाग नव्या, सच्छिद्र ज्वालामुखीय खडकांचा आहे. पश्चिमेकडचा भाग जुन्या, झिजलेल्या ज्वालामुखीय खडकांचा आहे. नव्या खडकात पाणी थेट खाली जाते आणि मोठ्या झऱ्यांच्या रूपाने वर्षभर परत येते, म्हणून मेटोलियससारख्या नदीची पातळी उन्हाळ्यातही फारशी हलत नाही. जुन्या खडकांवरचे ओढे हिवाळ्यातील वादळात झपाट्याने चढतात आणि उन्हाळ्यात अगदी क्षीण होतात. दोन्ही रांगा शेजारी आहेत, दोन्हींकडे भरपूर पाऊस व बर्फ पडतो, आणि दोन्हींचा खडक ज्वालामुखीचाच आहे. फरक पडला तो खडकाच्या वयामुळे. नेब्रास्कातील वाळूच्या टेकड्यांचा प्रदेशही असाच आहे. तेथील हवा निमशुष्क असली, तरी वाळूत मुरलेले पाणी लूपसारख्या नद्यांना वर्षभर सारख्याच प्रमाणात पोसते.

माझ्या मते या विषयातील अनेक नकाशांची कमजोरी नेमकी येथे आहे. हवामानाची माहिती जगभर सहज मिळते आणि खडकांची माहिती तुटपुंजी असते, म्हणून नकाशात हवामानाचे वजन वाढत जाते. उपलब्ध आकड्यांच्या सोयीने निसर्गाचे महत्त्व ठरवण्याचा हा प्रकार आहे.

मग हवामानाचा नकाशाच थोडा सुधारून का वापरू नये?

वरचे कॅस्केडचे उदाहरण हेच याचे उत्तर आहे. शिवाय मोठ्या नद्या दुसऱ्या हवामानाचे पाणी घेऊन येतात. ओकावँगो नदीला अंगोलाच्या डोंगराळ भागात उन्हाळी पाऊस मिळतो, पण बोट्स्वानातील तिच्या अंतर्गत त्रिभुज प्रदेशातून ते पाणी इतके हळू सरकते की पुराचा भर तेथे कोरड्या हिवाळ्यात येतो. स्थानिक पावसाचे कोष्टक पाहणाऱ्याला हा पूर समजणारच नाही.

वर्तन मोजतात तरी कसे? कोणते आकडे पाहतात?

नदीच्या रोजच्या प्रवाहाच्या दीर्घ नोंदीतून काही मोजके गुण काढले जातात. पावसापैकी नदीत किती हिस्सा उतरला. वार्षिक पाण्यापैकी भूजलातून झिरपून आलेला भाग किती. पूर चढल्यानंतर तो ओसरण्याचा वेग काय. वर्षातील किती दिवस पात्र कोरडे असते. सर्वांत मोठा महिना कोणता आणि तो दरवर्षी तोच असतो का. एका वर्षापेक्षा दुसऱ्या वर्षाचे पाणी कितपत वेगळे असते. महिनावार प्रवाहाची वार्षिक सरासरीशी तुलना करण्याची पद्धत फ्रेंच भूगोलज्ञ मॉरिस पार्दे यांनी १९३३ मध्ये रूढ केली आणि त्यांच्या नावाचे गुणक आजही वापरात आहेत.

या गुणांपैकी वर्षावर्षांतील चढउतार हा गुण सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो असे वाटते. सरासरी सारखी असलेल्या दोन नद्यांपैकी एक दरवर्षी सारखी वाहणारी आणि दुसरी दहा वर्षांतून दोनदा भरून येणारी असेल, तर काठावरच्या माणसांच्या आणि झाडांच्या दृष्टीने त्या एका जातीच्या नसतात.

असा नकाशा प्रत्यक्षात तयार कसा होतो?

दोन मार्ग आहेत आणि दोहोंचे टोक वेगळे आहे.

पहिल्या मार्गात कारणांपासून सुरुवात होते. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील थॉमस विंटर यांनी २००१ मध्ये अशी कल्पना मांडली की भूरूप, खडक व मातीची पारगम्यता (पाणी आत झिरपू देण्याची क्षमता) आणि हवामान यांच्या जोड्या लावून जलभूदृश्यांचे प्रकार ओळखता येतील. २००४ मध्ये त्या कल्पनेवर देशाचा नकाशा निघाला. प्रत्येकी सुमारे २०० चौरस किलोमीटरची ४३,९३१ लहान पाणलोट क्षेत्रे घेऊन, प्रत्येकाचा उतार, सपाट जमिनीचे प्रमाण, माती व खडकाची पारगम्यता आणि पाऊस वजा संभाव्य बाष्पीभवन असे आकडे मांडून, संख्याशास्त्रीय समूहनाने, म्हणजे सारखे आकडे असलेली क्षेत्रे एकत्र करून, त्यांचे २० प्रकार केले गेले. यात नदीच्या प्रवाहाचा एकही आकडा वापरलेला नव्हता. म्हणजे पाणी असे वागेल, असे हा नकाशा आधी म्हणतो. ते तसे वागते का, हे नंतर तपासावे लागते.

दुसऱ्या मार्गात परिणामांपासून सुरुवात होते. ऑस्ट्रेलियात २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या वर्गीकरणासाठी ८३० प्रवाहमापन केंद्रांच्या नोंदींतून प्रवाहाचे १२० गुणक काढले गेले आणि त्यांतून १२ प्रकारचे प्रवाहक्रम निघाले. त्यांत बारमाही आणि स्थिर नद्यांपासून क्वचितच वाहणाऱ्या, अत्यंत अनिश्चित नद्यांपर्यंत सर्व आले. या मार्गाचे बळ म्हणजे तो प्रत्यक्ष पाण्यावर उभा आहे. त्याची अडचण अशी की वर्ग केंद्रांना मिळतात, जमिनीला नाही. दोन केंद्रांच्या मधल्या भागाला रंग द्यायचा तर पुन्हा हवामान आणि खडकांकडेच वळावे लागते.

जमिनीचा उतार आणि नद्यांचे जाळे संपूर्ण खंडासाठी कोठून मिळते?

फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर या अंतराळयानाने अकरा दिवसांत रडारने पृथ्वीच्या पृष्ठभागाची उंची मोजली. त्यावरून पुढे हायड्रोशेड्स हा नद्या व खोऱ्यांचा जागतिक संच बांधला गेला. ही मोजणी ६० अंश उत्तर ते ५६ अंश दक्षिण या पट्ट्यापुरतीच होती, म्हणून त्याहून उत्तरेकडील प्रदेशासाठी इतर, कमी बारीक माहितीवर अवलंबून राहावे लागले. दुसरी अडचण अशी की घनदाट जंगलात रडारला जमिनीऐवजी झाडांचे शेंडे दिसतात. ॲमेझॉनसारख्या अतिशय सपाट प्रदेशात झाडांची उंची जमिनीच्या उतारापेक्षा कितीतरी मोठी असते, आणि नदीकाठी झाडे नसलेली मोकळी जागा दरीसारखी भासते. संगणकाने काढलेली निळी रेषा म्हणूनच तपासल्याखेरीज नदी मानू नये.

विभाग किती असावेत?

याला निसर्गाने दिलेला आकडा नाही. पाच विभाग केले तर भिन्न नद्या एकत्र कोंबल्या जातात, पाचशे केले तर प्रत्येकात नोंदी असलेली केंद्रे एखाद-दुसरीच उरतात. अमेरिकेने २० आणि ऑस्ट्रेलियाने १२ हे आकडे निवडले. ही निवड त्या-त्या माहितीने आणि वापराच्या गरजेने झालेली आहे.

एकच विभाग नकाशावर तुकड्यातुकड्यांत विखुरलेला दिसतो. ही चूक आहे का?

नाही. वर्तन सारखे असणे हीच अट असल्यामुळे विखुरलेपण अपेक्षित आहे. कारभाराच्या सोयीसाठी सलग पट्टे हवे असतील तर खोऱ्यांची एकके वापरावीत. अमेरिकेत अशा एककांचे २२ मुख्य प्रदेश ठरवलेले आहेत आणि दोन अंकी क्रमांकापासून बारा अंकी क्रमांकापर्यंत ते लहान होत जातात. त्यातही एक खाच आहे: मोठ्या नदीच्या खालच्या टप्प्यातील एककात वरून पाणी येतच असते, म्हणून त्यांपैकी अनेक एकके खऱ्या अर्थाने पूर्ण पाणलोट क्षेत्रे नसतात.

जेथे प्रवाहमापन केंद्रच नाही, तेथे काय करतात?

या प्रश्नासाठीच तर हा सगळा खटाटोप आहे. जगातील बहुसंख्य ओढ्यांवर कधीही मोजमाप झालेले नाही. जलविज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००३ ते २०१२ हे संपूर्ण दशक मापन नसलेल्या खोऱ्यांतील अंदाजाच्या प्रश्नाला वाहिले होते. मूळ युक्ती अशी की मोजमाप नसलेल्या ओढ्याचा विभाग ओळखायचा, त्याच विभागातील मोजलेल्या ओढ्यांचे गुण घ्यायचे आणि क्षेत्रफळ व पावसाप्रमाणे ते बसवायचे. सर्वांत जवळचे केंद्र घ्यावे की सर्वांत सारख्या स्वभावाचे, यावर मतभेद आहेत. केंद्रे दाट असतील तेथे जवळचे केंद्र बरेचदा चांगले काम करते, कारण शेजाऱ्यांना एकच वादळ भिजवते. केंद्रे विरळ असतील तेथे मात्र स्वभावाचा आधार घेण्यावाचून गत्यंतर नसते.

भूजलासह सर्व पाण्याचा एकत्रित चढउतार ग्रेस या जोडउपग्रहांनी २००२ ते २०१७ या काळात गुरुत्वाकर्षणातील बदलांवरून मोजला आणि २०१८ पासून त्यांचे उत्तराधिकारी ते काम करत आहेत. पण त्यांची नजर काही शे किलोमीटरांच्या पट्ट्यापेक्षा बारीक नाही. लहान ओढ्याला त्याचा थेट उपयोग होत नाही.

गोठलेल्या प्रदेशांत पाण्याचे वर्तन कसे धरतात?

तेथे वर्षातील मोठा काळ पाणी वाहतच नाही. ते साठून राहते. सायबेरियातील लेना नदीच्या खोऱ्याचा बराच भाग कायम गोठलेल्या जमिनीवर आहे. वितळलेले पाणी खाली मुरू शकत नाही, म्हणून हिवाळ्यात अत्यल्प असलेला प्रवाह मेअखेर ते जूनमध्ये एकदम उसळतो. नदी उत्तरेकडे वाहत असल्यामुळे वरचा भाग आधी वितळतो आणि खालचा बर्फ अजून घट्ट असतो. त्या बर्फाने पाणी अडून पूर येतात. अशा विभागात पावसाच्या आकड्यापेक्षा तापमान शून्याच्या वर जाण्याची तारीख अधिक सांगून जाते.

ज्या नद्या समुद्राला मिळतच नाहीत, त्यांचे काय?

पृथ्वीच्या जमिनीचा जवळपास पाचवा हिस्सा अशा बंद खोऱ्यांत मोडतो. मध्य आशिया, चाड सरोवराचा परिसर, अमेरिकेचे ग्रेट बेसिन आणि तितिकाका सरोवराचे पठार ही त्यांतली परिचित नावे. ऑस्ट्रेलियातील एर सरोवराचे खोरे सुमारे १२ लाख चौरस किलोमीटरचे, म्हणजे खंडाच्या सहाव्या हिश्श्याएवढे आहे. सरोवराचा तळ समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १५ मीटर खाली आहे आणि बहुतेक वर्षी तेथे फक्त मिठाचा पांढरा थर असतो. डायमँटिना आणि कूपर क्रीक या नद्या भरून आल्या तरी शेकडो फाट्यांत पसरून वाटेतच बरेच पाणी गमावतात. १९७४ मध्ये सरोवर नोंदीतील सर्वाधिक पातळीपर्यंत भरले होते. अशा विभागाला सरासरी प्रवाह लावणे जवळजवळ निरर्थक आहे. दोन पुरांमधले अंतर, आणि पाणी किती काळ टिकते, हेच तेथील खरे मोजमाप ठरते.

धरणे आणि कालवे यांनी बदललेल्या नद्या कोणत्या विभागात घालाव्यात?

बहुतेक वर्गीकरणे मुद्दाम अशी केंद्रे निवडतात की ज्यांच्या वर मोठी धरणे नाहीत, कारण शोध नैसर्गिक वर्तनाचा असतो. हा निर्णय शास्त्राला सोयीचा आहे, पण वापरणाऱ्याला फसवू शकतो. कोलोराडो नदीवर ग्लेन कॅन्यन धरणात १९६३ पासून पाणी अडवले जाऊ लागल्यानंतर खालच्या घळीतील वसंत ऋतूचा बर्फवितळीचा पूर जवळपास नाहीसा झाला. आज तेथील प्रवाह विजेच्या मागणीबरोबर दिवसाच्या प्रहरांप्रमाणे कमीजास्त होतो. नकाशावर ती अजूनही बर्फावर पोसलेली नदी असेल. म्हणून जेथे नियमन मोठे आहे तेथे नैसर्गिक वर्ग आणि आजचा वर्ग असे दोन्ही लिहिणे आवश्यक वाटते.

हवामान बदलले तर विभागांच्या सीमा सरकतात का?

सरकतात, आणि कधी कधी सीमा न सरकता विभागाचा स्वभावच बदलतो. ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य भागात १९७० च्या दशकापासून हिवाळी पाऊस घटला. पर्थच्या धरणांत येणारे पाणी मात्र पावसाच्या तुलनेत कितीतरी जास्त प्रमाणात, निम्म्याहून अधिक घटले. कारण समजण्यासारखे आहे. पाऊस घटला तरी माती आणि जंगल आपला वाटा आधी घेतात, नदीला उरलेले मिळते. त्यात भूजलाची पातळी खाली गेल्यामुळे तिचा ओढ्यांच्या तळाशी असलेला संबंध तुटला आणि पूर्वी बारमाही असलेले काही ओढे हंगामी झाले. तेथे एखादे ओले वर्ष आले तरी जुना प्रवाह लगेच परतत नाही. नकाशावर म्हणून कोणत्या वर्षांच्या नोंदी वापरल्या हे छापलेले असावे. ते नसेल तर तो नकाशा कोणत्या काळाचा आहे हेच कळत नाही.

सीमारेषेवर उभे राहिले तर दोन्ही बाजूंना फरक दिसेल का?

क्वचितच. खडक अचानक बदलतो तेथे दिसेल; हवामान हळूहळू बदलते तेथे रेषा ही केवळ छापण्याची सोय असते. काही वर्गीकरणांत प्रत्येक ठिकाणाला प्रत्येक विभागाचे सभासदत्व किती टक्के, असा आकडा दिला जातो. तो नकाशा दिसायला गढूळ दिसतो, पण अधिक खरा असतो.

एखादा नकाशा कामाचा आहे की नाही, हे कसे तपासावे?

प्रथम सूचीत पाहावे: कोणते आकडे वापरले, कोणत्या वर्षांचे, सर्वांत लहान एकक किती मोठे. मग नकाशा करताना न वापरलेली काही प्रवाहमापन केंद्रे घ्यावीत. प्रत्येक केंद्रासाठी भूजलाचा वाटा, पुराचा महिना आणि कोरड्या दिवसांची संख्या यांचा अंदाज आधी विभागाच्या सरासरीवरून करावा, नंतर जवळच्या केंद्रावरून आणि शेवटी केवळ हवामानाच्या वर्गावरून, आणि तिन्ही अंदाज मोजलेल्या आकड्यांशेजारी मांडावेत. पुराच्या महिन्याच्या बाबतीत हवामानाचा साधा नकाशाही बहुधा चांगला उतरतो. भूजलाच्या वाट्याच्या आणि कोरड्या दिवसांच्या बाबतीत विभागांचा नकाशा त्याच्या पुढे गेला नाही, तर तो काढताना खडकांची माहिती कोठून आणि किती बारकाईने घेतली, हे सर्वांत आधी विचारावे.